दारावरची पाटी

"बाबा, हे तुमच्या नजरेतून सुटलं?"

लेकीनं नकाशा त्याच्या टेबलावर पसरला. घराच्या दारापाशी परीक्षकांनी लाल पेन्सिलीनं गोल काढला होता. गोलात मुंगीएवढ्या अक्षरांत दारावरची पाटी होती आणि पाटीवर त्याचंच नाव.

आर्किटेक्चर कॉलेजच्या कचेरीत कारकुनी करता करता त्याची सव्वीस वर्षं गेली होती. पदव्युत्तर वर्गातल्या एकाला दरवर्षी प्रवासाची फेलोशिप मिळे. सहा महिने देशोदेशी हिंडायचं, आपल्या विषयाच्या इमारती पाहायच्या, मोजायच्या, लिहायचं. अर्ज एकदाच करता येई आणि नकाशावर कुठं नाव दिसलं की तो बाद. ओळख फक्त नंबराची. पण पोरं ती पोरंच, सवयीनं कोपऱ्यात सही ठोकून मोकळी. मग हा अर्धं ब्लेड घेऊन सही अलगद खरवडायचा आणि वरून नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा. पोरं त्याला ब्लेडकाका म्हणत. साहेबांनाही ठाऊक होतं. ते म्हणत, "असू दे, एवढ्याशासाठी कुणाचं वाटोळं नको."

यंदा लेकीचा अर्ज होता. विषय, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं घर. आई आठ वर्षं खाटेवर, म्हणून पोरीनं स्वतःच्याच दोन खोल्या टेप लावून मोजल्या होत्या. खाट, आईला धरून मोरीपर्यंत न्यायची अकरा पावलं, तिच्या हातानं भिंतीवर पडलेला तेलकट डाग, सगळं जिथल्या तिथं. पाटीसुद्धा.

"सुटलं नाही," तो म्हणाला. "दिसलं होतं."

"मग?"

"ब्लेड काढलं होतं गं. मग वाटलं, उद्या कुणी म्हणायला नको, कारकुनानं घरच्या पोरीचं भलं केलं. ठेवून दिलं परत."

"बाकीच्यांचं खरवडलंत?"

"हो. सात जणांचं."

"मग मी आठवी झाले असते, बाबा. घरची कुठून झाले?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तो आजवर दुसऱ्यांना हसत हसत म्हणत आला होता. आयुष्यभर जपलेला सचोटीचा तोरा नेमका पोटच्या पोरीवर चालवला, आणि आता त्याला स्वतःची किळस आली.

लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं नकाशाची गुंडाळी केली, रबर चढवलं.

"आईला इतक्यात सांगू नका," ती म्हणाली. "तिनं शेजारच्या काकूंकडून बॅग मागवून ठेवलीय. खाटेखाली आहे."

ती गेली. थोड्या वेळानं शिपायानं निवड झालेली फाइल आणून ठेवली. "साहेब म्हणाले, पत्र आजच जाऊ द्या."

त्यानं फाइल उघडली. नकाशाच्या कोपऱ्यावर अंगठा टेकला, तिथं कागद गुळगुळीत लागला. उजेडाकडे धरल्यावर तेवढाच तुकडा पातळ दिसला.

त्यानं पत्राचा कागद पुढे ओढला. 'आपली निवड झाल्याचे कळविण्यास आनंद होतो,' हे वाक्य त्याला पाठ होतं. वरती नाव घालायचं राहिलं. नकाशावर नाव नव्हतंच, त्यानंच काढलं होतं. म्हणून त्यानं रजिस्टर उघडलं आणि नंबरावर बोट ठेवून नाव शोधलं. ते लेकीच्या नावाच्या वरच्याच ओळीत होतं.