मी सोललेली शेवटची गाय

मित्रांनो, काचेच्या बरणीतली ही सुरी पाहून तुमच्यातल्या दोघा-तिघांनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी एक जुनी, कातडी सोलायची सुरी आहे. माझं पातं झिजून बोटाएवढं उरलं आहे आणि लाकडी मूठ तर जाळूनच टाकावी लागली. गुरांच्या डॉक्टरबाईंनी मला भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं आणि मगच तुमच्या वर्गात आणलं, तेव्हा घाबरू नका. घाबरायची वेळ होती तेव्हा कोणी घाबरलं नाही.

माझा जन्म भंगारात झाला. एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहाराने मला कापून काढलं, ठोकठोक ठोकलं आणि पाण्यात बुडवलं. मी चरचरले, ते त्याला फार आवडलं. पुढे धाकट्याने मला हातात घेऊन अंगठ्यावर धार पाहिली आणि त्याच दिवशी मी त्याची झाले.

धाकटा म्हणजे दोन भावांतला लहान. थोरल्याच्या अकरा गाई होत्या. धाकटा जनावरं कापायचा, सोलायचा. दोघांचं अंगण एक, चूलही एकच. थोरल्याने बस म्हटलं की धाकट्याने बसायचं, ऊठ म्हटलं की उठायचं, हे लहानपणापासून चालत आलेलं. धाकट्याची बायको, जिला सगळे धाकटी म्हणत, ती तर मोठ्या दिरासमोर मान वर करून बोलत नसे.

बारा वर्षं मी धाकट्याच्या हातात काम केलं आणि एकाही कातड्याला भोक पाडलं नाही. लोक कौतुकाने बघत उभे राहायचे. त्यातून धाकट्याची एक खास लकब होती. कातडं ओढायला दोन्ही हात लागले की तो मला खाली ठेवत नसे, आडवी दातांत धरायचा. बायको ओरडायची. तो दातांतल्या दातांत हसायचा आणि काम पुढे चालू. मला त्याचा केवढा गर्व होता. इतर सुऱ्या ताटात, पाटावर कुठेही ठेवतात, पण धन्याच्या ओठांत जागा मिळालेली सुरी पंचक्रोशीत मी एकटीच, अशी माझी ऐट.

दर वर्षी गुरांच्या डॉक्टरबाई लस घेऊन यायच्या. गल्लीत त्यांचं नाव सुईवाली बाई. त्या गोठ्यात उभ्या राहून सांगायच्या, की या भागात काळपुळीचा आजार आहे, त्याचं बीज मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, लस टोचून घ्या. त्या वर्षी थोरल्याने दहा गाई पुढे केल्या आणि सगळ्यांत मोठी दुधाळ गाय मागे ठेवली.

"हिला नको. लस टोचली की दोन दिवस दूध आटतं हिचं," तो म्हणाला.

"दोन दिवस आटेल, नंतर येईल की. गाय गेली तर कुठून येणार?"

"पुढच्या वेळी बघू, बाई."

बाई जाता जाता धाकट्याला म्हणाल्या, "धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातून काळं रक्त आलं आणि ते थिजत नसलं, तर त्याला उघडायचं नाही. हलवायचंसुद्धा नाही. मला बोलवायचं." धाकट्याने मान हलवली. मी त्याच्या कमरेला होते. मला त्या बाईंचा रागच आला. जनावर उघडायचं नाही, तर मी काय भाजी चिरायची?

महिनाही झाला नसेल. एका सकाळी थोरल्याची हाक आली. तीच मोठी गाय गोठ्यात आडवी पडली होती. आदल्या संध्याकाळी तिने पोटभर चारा खाल्ला होता. आता पोट टम्म फुगलेलं, नाकातून काळं रक्त आणि अंग अजून मऊच.

"दादा, रक्त थिजत नाहीये," धाकटा म्हणाला. "बाईंनी सांगितलं होतं..."

"ओला चारा जास्त झाला, फुगली. बाईला बोलावलं तर ती खोल खड्डा करून चुना टाकायला लावेल. गल्लीभर बोभाटा होईल. मग दूध केंद्रवाले बाकीच्या गाईंचं दूध घेतील का?"

"पण दादा, हिला लस नव्हती."

"तू सोल."

धाकट्याने मला उपसलं. थोरल्याने पाय धरले आणि मी त्या गाईत शिरले. कबूल करते, मित्रांनो, मला मजा येत होती. एवढं मोठं, बिनडागी कातडं बऱ्याच दिवसांनी मिळालं होतं. मध्येच दोन्ही हात लागले, तसं धाकट्याने मला दातांत धरलं. काळं रक्त माझ्या पात्यावरून त्याच्या ओठावर उतरलं. त्याने थुंकून तोंड पुसलं आणि काम पुढे चालू.

गल्लीची एक रीत होती. कोणाचं जनावर गेलं की चार घरांनी मांसाचा एकेक वाटा उचलायचा आणि त्या बदल्यात दोन दिवस त्याच्या गोठ्यात राबायचं. दुःख वाटून घ्यायचं म्हणे. त्या दिवशीही चार घरांनी प्रेमाने वाटे नेले.

दोन दिवसांनी धाकट्याच्या ओठाच्या कोपऱ्यात डास चावल्यासारखी पुळी आली. खाजली, मग फोड झाला, मग मधोमध कोळशासारखी काळी खपली.

"ती शाई पुसा आधी तोंडाची," धाकटी म्हणाली.

"अगं, दुखत नाही मुळीच. दुखलं असतं तर गेलो नसतो का दवाखान्यात?"

मित्रांनो, तिथेच तो फसला. काळपुळी दुखत नाही. वेळेवर औषध घेतलं तर बरीही होते. न दुखणाऱ्या गोष्टीची वास्तपुस्त करायची आपल्याकडे कोणाला सवय नसते.

पुळी आल्यापासून चौथ्या दिवशी त्याची मान सुजली. घसा एवढा आवळला की पाणी गिळेना, शब्द फुटेना. त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. पुढचं मी पाहिलं नाही, धाकटीच्या तोंडून ऐकलं. तिथल्या डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून अगदी सरळ विचारलं, "एखादं आजारी किंवा मेलेलं जनावर कापलं होतं का यांनी?"

धाकट्याने हात उचलला. गळ्यापासून पोटापर्यंत सुरी ओढावी तशी त्याने बोटाने रेघ ओढून दाखवली. थोरल्याने तो हात धरला आणि हलकेच खाली ठेवला.

"नाही हो, डॉक्टर. ताप डोक्यात गेलाय त्याच्या. दाढ किडलीय, तिचीच सूज आहे."

धाकटी तिथेच उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती मूग गिळून गप्प राहिली. डॉक्टरांनी दाढ म्हणून लिहून घेतलं आणि दातांच्या डॉक्टरांची वाट पाहण्यात तो दिवस गेला.

दुसऱ्या सकाळी ती कपडे न्यायला घरी आली, तर मांसाचा वाटा नेलेली शेजारीण दारात. तिच्या नवऱ्याला आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या, त्यात रक्त पडत होतं. धाकटीने पुढचं ऐकलं नाही. तिने मला गोठ्यातून ओढून काढलं, पिशवीत गुंडाळलं आणि तडक सुईवाल्या बाईंकडे गेली.

"बाई, या सुरीनं सोललीय. ती बिनलशीची गाय. चार घरांत वाटे गेलेत. काल डॉक्टरांनी विचारलं होतं. मी बोलले नाही."

बाई रागावल्या नाहीत. "आधी हात धुवा. साबणानं, कोपरापर्यंत," एवढं म्हणून त्यांनी फोन उचलला.

दुपारी धाकट्याला खरं औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. चार घरांतून सात माणसं दवाखान्यात पोचवली. ती सातही वाचली.

लोकांनी विचारलं, काय झालं होतं? थोरल्याने सांगितलं, ताप. दूध केंद्राने गल्लीतलं दूध बंद केलं, तसं लोकांना तोंड फुटलं. "नवरा तर वाचला नाही, आमच्या पोटावर मात्र पाय दिला," असं बोलणाऱ्यांत त्या सातांपैकी तिघं होते. धाकटीशी नळावर कोणी बोलेना. शेजारीणसुद्धा तिची घागर बघून मागे फिरायची.

धाकटा गेल्यावर आठव्या दिवशी बाईंनी गल्लीला एकत्र बोलावलं. मला बरणीत घालून समोर ठेवलं आणि विचारलं, "त्या गाईला कोणाकोणाचा हात लागला होता?" सगळ्यांनी कानावर हात ठेवले. थोरला मागे भिंतीला टेकून उभा होता, उजवा हात शालीत. एवढ्या उन्हात शाल, हे एकाही माणसाला खटकलं नाही.

धाकटी उठली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. शाल तिनेच बाजूला केली. मनगटावर काळी खपली होती.

"बाई, भाऊजींचा हात बघा," ती म्हणाली. "पाय यांनीच धरले होते."

त्याला तिथूनच दवाखान्यात नेलं. तो बरा झाला. आता तो दर वर्षी आपल्या सगळ्या गाईंना लस टोचून घेतो, दूध काढतो, आणि धाकटीशी एक शब्द बोलत नाही.

मित्रांनो, मला तुमच्याकडून कौतुक नको, ते मला फार मिळालं. घरी गेल्यावर आईवडिलांना एवढंच सांगा. गाईला, शेळीला, मेंढीला वेळेवर लस टोचा. अचानक मेलेलं जनावर उघडू नका, सोलू नका, प्रेमाने वाटूही नका. अंगावर न दुखणारी काळी पुळी दिसली तर दवाखाना गाठा. आणि तिथे डॉक्टरांनी विचारलं, की जनावर कापलं होतं का, तर हो म्हणा. शेजारी कोणीही उभं असू दे, लगेच म्हणा. धाकटीला फक्त एका दिवसाचा उशीर झाला होता.