मोटेवरचा गजर

दिवस उगवायच्या आत कारभारी क्लबाच्या विहिरीवर बैल जुंपायचा. नाशकातल्या त्या क्लबाची हिरवळ, गुलाबांचे वाफे, साहेबांचं टेनिसचं मैदान, सगळं त्याच्या एका मोटेवर जगत होतं. सन छत्तीसचा चैत्र नुसता भाजून काढत होता. बैल धावेच्या उतारावरून निघाले की हा नाड्यावर बसायचा आणि गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या कीर्तनात ऐकलेला अभंग मोकळ्या गळ्यानं सोडायचा. भरली मोट वर येऊन रिती होईस्तोवर एक चरण. बैल मागं मागं चढू लागले की "विठ्ठल विठ्ठल". हौशा आणि चांद्या त्या चालीवर पाय टाकत, जसे काही टाळकरीच.

एका सकाळी क्लबाचे चिटणीस अण्णासाहेब धावेपाशी आले.

"कारभारी, उद्यापासून गाणं बंद. साहेबलोकांची झोपमोड होते."

"मंग बैलं हाकायची कशानं?"

"चाबकानं. बाकीचे हाकतातच की."

"हाकत असतील. मी नाय हाकत." कारभारी नाड्यावरून उतरला. "अण्णासाहेब, एकादशीला कीर्तनात पुढं बसून मान तुमीच डोलवत होता ना? तिथं देव, आन् हितं झोपमोड?"

अण्णासाहेबांचे कान लाल झाले. "गंगेवरचं गंगेवर! इथं पगार क्लब देतो."

"हातांचा देता. गळा त्याचा हाय." कारभारीनं वर बोट केलं. "गाणं बंद, तर मोट बंद."

"मग चालता हो!"

घरी सिंधुबाईनं कपाळाला हात लावला. "अवो, तुमच्यावाचून त्यांचं काय अडतंय? दुसरा मिळंल."

"बैलं हलायची नायत," कारभारी ठासून म्हणाला. बैल क्लबाचे, पण वासरं असल्यापासून त्यानंच त्यांना वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच गल्लीतला मंगळू कामावर लागला. कारभारी क्लबाच्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या निंबाखाली कान देऊन उभा राहिला. चाबूक कडाडला. चाक कुरकुरलं. मोट वर आली. बैल हलले होते!

पुन्हा चाबूक वाजला आणि चांद्या हुंकारला. तो हुंकार कारभारीला ओळखीचा नव्हता.

तो निंबाच्या मुळावर फतकल मारून बसला. चाकाची कुरकुर सुरू होताच त्यानं अभंग उचलला, असा खणखणीत की निंबावरचे कावळे उडाले. मोट रिती झाल्याचा आवाज आला आणि यानं "विठ्ठल विठ्ठल" धरलं. दोन फेऱ्या झाल्या. आत चाबूक वाजेनासा झाला.

अण्णासाहेब फाटकातून धावतच आले. "तुला काढलंय ना?"

"म्हनून तर रस्त्यावर बसलोय. रस्ता काय क्लबाचा हाय?"

"पोलीस बोलावीन!"

"बोलवा की. त्यालाबी टाळ देतो."

तेवढ्यात भिंतीआडून एका घोगऱ्या, बेसूर गळ्यानं धृपद उचललं. मंगळू! जन्मात कधी गायला नव्हता बिचारा.

"मंगळू, तुलाही काढीन!" अण्णासाहेब तिकडं वळून ओरडले.

"काढा, सायेब," भिंतीपलीकडून उत्तर आलं. "पन एवढा चरण होऊ द्या. बैलं धावेच्या मधी हायेत."

क्लबाच्या माडीवरची एक खिडकी धाडकन बंद झाली. कारभारीनं तिकडं पाहिलं, मांडी नीट घातली आणि पुढचा चरण एक पट्टी वर धरला.