टाकलेली मुळं

प्रयोगशाळेत तिला सगळे चौकटबाई म्हणत, आणि तिने ते कधी मनावर घेतलं नव्हतं. जी बाई तीन वर्षं घेवड्याच्या मुळांवर चौकटी मांडून मोजत बसते, तिला दुसरं काय म्हणणार? काम सांगायला सोपं होतं. धुतलेल्या मुळांचं चित्र घ्यायचं, त्यावर चौकटींची जाळी मांडायची आणि किती चौकटींत मूळ शिरलंय ते मोजायचं. मग चौकटी लहान करून पुन्हा मोजायचं, आणखी लहान करून पुन्हा. आकडा किती झपाट्याने वाढतो त्यावरून मुळांची फ्रॅक्टल मिती निघते. सरळ दोऱ्याची मिती एक, अख्खा कागद भरून टाकणाऱ्या डागाची दोन, आणि मुळं या दोहोंच्या मधे कुठेतरी. फाट्यांचा पसारा जितका दाट, तितकी मिती जास्त.

तिच्याकडे घेवड्याचे दोन वाण होते. पाणी तोडलं की एक तिसऱ्या दिवशी मान टाकायचा, दुसरा पंधरवडाभर ताठ उभा. दुसऱ्याची मुळं जास्त फाटे फोडतात म्हणून तो तगतो, असं तिचं म्हणणं. पण आकडे हट्टाला पेटले होते. दोनशे चाळीस नमुने मोजून झाले तरी दोन्ही वाणांची मिती जवळपास सारखीच येत होती. मुदत दोनदा वाढवून घेतलेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती, आणि प्रबंध द्यायला उरले होते पाच आठवडे.

"डोळ्यांना दिसतं ते आकड्यांत येत नसेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "कोण ते शोध. नाहीतर इथेच थांबावं लागेल."

त्या सकाळी दोन्ही वाणांचा शेवटचा एकेक नमुना उरला होता. स्कॅनरमध्ये पाणी शिरेल या धास्तीने ती ट्रेमध्ये जेमतेम मुळं भिजतील एवढंच पाणी घालत असे. ती पाण्याचा जग तिरपा करत होती तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, कधी संपणार तुझं हे?"

"संपेल, आई."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस."

फोन ठेवून बघते तर ट्रे काठोकाठ भरलेला. स्वतःला चार शब्द सुनावणार, तोच तिचं लक्ष मुळांकडे गेलं. न्हाल्यावर चिकटलेल्या बटा पाण्यात बुडवल्या की सुट्या होतात, तशी मुळं उलगडत होती. ज्याला ती एक जाड मूळ समजत होती, ती अकरा बारीक मुळं होती. कमी पाण्यात ती एकमेकांना बिलगून बसत आणि संगणक त्यांना एकच धरत असे. तिने तसंच स्कॅन केलं. तगणाऱ्या वाणाची मिती एक पूर्णांक सत्तेचाळीसवरून चौसष्टवर गेली. मान टाकणाऱ्याची जेमतेम पन्नासवर पोचली.

दहा मिनिटं ती नुसती आनंदात होती. अकराव्या मिनिटाला तिची नजर नळावरच्या कागदाकडे गेली. तीन वर्षांपूर्वी तिनेच ठसठशीत अक्षरात लिहून चिकटवलं होतं: 'स्कॅन झालेली मुळं लगेच टाकणे.' दोन नमुन्यांवर कुणी प्रबंध मान्य करत नाही, आणि नवी रोपं वाढवायला दोन हंगाम लागणार होते.

नळाशी मामा होते. हे मामा मुळं धुण्याच्या कामावरचे. मातीचे गोळे बादलीत भिजवावेत, दोन चाळण्यांवर धुवावेत आणि केसाएवढं मूळही चिमट्याने उचलावं, तर ते मामांनीच. आधी वीस वर्षं ते एका कॉलेजच्या प्राणिसंग्रहात नमुन्यांच्या बाटल्यांवर कामाला होते. त्यांच्या हातांना स्पिरिटचा वास यायचा आणि भांडारातलं स्पिरिट भराभर संपायचं. चार महिन्यांपूर्वी तिनेच भांडारवाल्याच्या कानावर घातलं होतं, "मामांवर जरा लक्ष ठेवा." तेव्हापासून मामांना दर बाटलीला कारण लिहून सही करावी लागे. ते 'मुळांसाठी' असं लिहीत, आणि मागून सगळे हसत.

"मामा, स्कॅन झालेली मुळं..." तिने विचारलं.

"टाकली."

"सगळी?"

"सगळी. तुम्ही लिहिलंय तसं, लगेच."

"एखादं तरी ठेवलं असेल?"

"अहो बाई, टाकली म्हणतोय ना."

ती स्टुलावर बसली आणि तिच्या डोळ्यांतून आपोआप पाणी वाहू लागलं. मामा गडबडले. हात पुसत म्हणाले, "रडताय कशाला? बघायची आहेत का?"

"काय बघायचं?"

"मुळं. टाकलेली."

जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, चार फळ्या भरून बरण्या होत्या. प्रत्येकीत स्पिरिट, स्पिरिटात मुळं, आणि मुळांना तिच्याच हातची क्रमांकाची पट्टी. तिने मोजल्या. दोनशे चाळीस.

"आमच्याकडे सर म्हणायचे, बेडूक टाका, की आम्ही स्पिरिटात टाकायचो," मामा म्हणाले. "नको असलं तर फेका म्हणायचे. तुम्ही फेका कुठे लिहिलंत?"

पुढचे चार आठवडे दोघांनी मिळून सगळे नमुने पुन्हा स्कॅन केले. मामा भरल्या ट्रेमध्ये बारीक ब्रशने मुळं सुटी करत, ती चौकटी मोजे. दोन्ही वाणांचे आकडे हळूहळू फारकत घेत गेले. सरांनी आलेख दोनदा पाहिला, मग चष्मा काढून म्हणाले, "लिहायला घे."

शेवटची बरणी झाली त्या दुपारी तिला राहवेना.

"मामा, भांडारवाल्याला ते मी सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिली सही केली त्या दिवसापासून. तोच म्हणाला."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

मामा ब्रश धूत राहिले. "सहीशिवाय बाटली मिळत नव्हती. मुळं सुकली असती तुमची."

तिला जन्मात कुणाचे इतके उपकार वाटले नव्हते आणि स्वतःची इतकी लाजही. "माझं चुकलं, मामा," ती म्हणाली. "फार चुकलं."

"जाऊ द्या हो. टाका ते आता."

डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "टाकू म्हणजे? बरणीत?"

"नाही," मामा म्हणाले आणि शेवटच्या बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. "हे मात्र फेका."