बोल्टमधली पिन

शनिवारी सकाळी मोरेश्वर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून नुकताच आत आला होता, तेवढ्यात पुरुषोत्तमचा फोन आला.

"मोऱ्या, मोकळा आहेस का? रायफल खोलून बसलोय. आतली पिन अडकलीय, काही केल्या हलत नाही. तुझी हत्यारं घेऊन ये."

"हत्यार तुझ्याकडे आहे, माझ्याकडे पाने-पकडी आहेत," मोरेश्वर म्हणाला. तरी हातमोजे परत चढवून तो निघालाच.

दोघांची घरं नेपरव्हिलच्या एकाच भागात, मध्ये जेमतेम एक शाळा आणि एक तळं. मोरेश्वरने उभा जन्म ट्रॅक्टरच्या कारखान्यात टूल डिझाइन करण्यात घालवलेला, आणि पुरुषोत्तम भूल देणारा डॉक्टर. तरुणपणी दोघं एकाच वर्षी देश सोडून या गावात आले, तेव्हापासूनची दोस्ती. पुरुषोत्तमला शिकारीचा नाद नव्हता, पण नेमबाजीचा होता. कॉलेजात असताना एनसीसीत तो कागदी टार्गेटवर चांगला नेम साधायचा, आणि इथे आल्यावर पहिली हौस म्हणून त्याने एक साधी, बारीक गोळीची पॉइंट टूटू रायफल घेतली होती. बरीच वर्षं दर रविवारी तो क्लबात जायचा. पुढे रिटायर झाला आणि ते थांबलं. आता त्याची नात अनया शाळेच्या रायफल टीममध्ये घेतली गेली होती, आणि आजोबांना ती रायफल साफसूफ करून तिच्या हाती द्यायची होती.

बेसमेंटमध्ये टेबलावर जुना टॉवेल पसरून पुरुषोत्तमने सगळे भाग मांडले होते. स्क्रू एका वाटीत, स्प्रिंगा दुसऱ्या वाटीत. दोन्ही वाट्या त्याच्या बायकोच्या, शोभनाच्या कोशिंबिरीच्या होत्या.

"सगळं सुटलं," तो म्हणाला, "हा बोल्ट तेवढा हट्टाला पेटलाय."

बोल्ट म्हणजे रायफलच्या मागच्या बाजूला पुढे-मागे सरकवायचा तो पोलादी दांडा. त्याच्या पोटात एक बारीक पिन असते. घोडा दाबला की ती पुढे उसळते आणि काडतुसाच्या बुडावर आपटते. ती पिन जिथल्या तिथे गोठून बसली होती.

मोरेश्वरने डोक्याला भिंगाचा पट्टा बांधला. काडतूस कुठे राहिलेलं नाही ना, हे त्याने नळीत डोळा घालून स्वतः पाहून घेतलं. मग बोल्टमध्ये तेलाचे थेंब सोडले आणि दोघं पोहे खायला वर गेले, कारण तेलाला मुरायला वेळ द्यावा लागतो आणि शोभनाचे पोहे गार झाले तर तिला चालत नाही. परत खाली येऊन मोरेश्वरने पितळी सुंभ्याने, बोथट टोकाच्या त्या दांडीने, हलकेच ठोकून पाहिलं. पिन अडकवून ठेवणारी आडवी खीळ निघाली. खीळ निघताच तिच्यामागची स्प्रिंग टुणकन उडून कपाटाखाली गेली, आणि दोघे म्हातारे टॉर्च घेऊन फरशीवर पालथे पडले.

"ऑपरेशन थिएटरमध्ये अशी वस्तू हरवली असती तर?" मोरेश्वरने विचारलं.

"तर पेशंटच्या पोटात शोधली असती," पुरुषोत्तम कपाटाखालून म्हणाला. स्प्रिंग सापडली. सोबत एक जुना पिंगपाँगचा चेंडूही सापडला.

पण पिन ढिम्म. मोरेश्वरने बोल्ट दिव्याखाली धरला आणि भिंग जवळ आणलं. गंज असता तर तांबूस दिसला असता. वाळून घट्ट झालेलं ग्रीस असतं तर पिवळं, मेणासारखं दिसलं असतं. इथे पिनेच्या भोवती पांढुरका, साय धरल्यासारखा थर होता. हा थर त्याने कारखान्यात शेकडो वेळा पाहिला होता. सुपरग्लू वाळताना त्याच्या कडेला अशी पांढरी बुरशी धरते. आणि सुपरग्लू बोल्टमध्ये आपोआप जात नाही.

"गंजच ना?" पुरुषोत्तमने विचारलं. "बेसमेंटची दमट हवा. मला वाटलंच."

"बघतो," मोरेश्वर म्हणाला. "थोडं ॲसिटोन लागेल. वहिनींकडे नेलपेंट काढायचं असेल ना? आणतो."

शोभना किचनमध्ये कोथिंबीर निवडत होती.

"वहिनी, नेलपेंट रिमूव्हर आहे का? खाली लागतंय."

"कशाला?"

"पिन चिकटलीय. सुपरग्लूने."

शोभनाच्या हातातली काडी तशीच राहिली. तिने बेसमेंटच्या जिन्याकडे पाहिलं, मग सिंकचा नळ सोडला. नळाखाली धुवायला काहीच नव्हतं.

"त्यांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही. तो गंज समजतोय."

"मग गंजच म्हणा ना, भावजी. किंवा म्हणा, आता दुरुस्त होत नाही. अनयाला नवीन घेऊन देता येईल."

मोरेश्वर स्टुलावर बसला. तिने नळ बंद केला.

"ते रिटायर झाले तो हिवाळा तुम्हाला आठवतो? तुम्ही तेव्हा तुमच्या ताईंच्या आजारपणासाठी पुण्यात होतात. दाढी नाही, बोलणं नाही, रात्रभर हॉलमध्ये बसून राहायचे. मी विचारलं की 'काही नाही' म्हणायचे. एकदा मी कपडे धुवायला टाकायला खाली गेले तर हे रायफलच्या तिजोरीसमोर खुर्ची टाकून बसलेले. तिजोरी बंद होती. नुसते बघत होते." ती थांबली. "विकू या म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. लपवली असती तर त्यांच्या लक्षात आलं असतं. गोळ्या मी लेकाकडे, ऋषीकडे पोचवल्या, पण गोळ्या काय, कुठल्याही दुकानात मिळतात. तिजोरीचा नंबर मला माहीत होता. ते झोपले असताना व्हिडिओ बघून बोल्ट काढला आणि चपलेसाठी आणलेली सुपरग्लूची ट्यूब त्यात रिकामी केली. घाईघाईत माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली."

"ऋषीला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. आता ते बरे आहेत. हसतात, जेवतात. त्यांना कळलं की बायको आपल्यावर पाळत ठेवत होती, तर काय वाटेल?"

 मशीन कशामुळे बंद पडलं हे विचारलं की खरं तेच सांगायचं, अशी मोरेश्वरला आयुष्यभराची सवय.

"मी आपणहून काही बोलणार नाही," तो म्हणाला. "पण त्याने सरळ विचारलं तर मला खोटं बोलता यायचं नाही, वहिनी. चाळीस वर्षांत जमलेलं नाही. आणि तो विचारणार. ॲसिटोनने गंज निघत नाही हे त्याला माहीत आहे."

शोभना आत गेली आणि बाटली घेऊन आली. ती त्याच्या हातात न देता स्वतःच जिन्याकडे निघाली.

खाली पुरुषोत्तम टेबलाशी बोल्ट उलटासुलटा करून पाहत होता. भिंगाचा पट्टा आता त्याच्या कपाळावर होता.

"मोऱ्या, हा गंज नाहीये," तो मान वर न करता म्हणाला. मग त्याला शोभना दिसली.

"मी चिकटवली," ती म्हणाली. "तुम्ही रिटायर झालात त्या हिवाळ्यात."

तिच्यामागून उतरणारा मोरेश्वर जिन्याच्या पायरीवर अडखळला. आपण इथून निघावं असं त्याला फार वाटलं. तो परत वर जायला वळला. पुरुषोत्तमने पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "थांब रे तू. बस."

मोरेश्वर शोभनाच्या बाजूने खाली उतरून टेबलाशी जाऊन बसला.

"त्या हिवाळ्यात मी ही रायफल एकदा बाहेर काढली होती," पुरुषोत्तम म्हणाला. त्याचा आवाज पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना असायचा तसा सपाट होता. "बोल्ट बसवला, घोडा दाबला. खटका पडेना. पुन्हा दाबला. काही नाही. मला इतका राग आला शोभना, की विचारू नकोस. म्हटलं, एवढं साधं कामसुद्धा आता आपल्या हातून धड होत नाही. ती परत तिजोरीत कोंबली आणि वर आलो. तू टीव्ही बघत होतीस. मला म्हणालीस, मुगाची खिचडी टाकू का."

"तुम्ही हो म्हणालात," शोभना म्हणाली. "कितीतरी दिवसांनी काहीतरी मागून खाल्लंत."

"आणि दुसऱ्या दिवशी ऋषीला फोन केला. म्हटलं, मला कुणा सायकिॲट्रिस्टकडे घेऊन चल."

"मला वाटलं, तुमचं तुम्हालाच डॉक्टरकडे जावंसं वाटलं."

"मला वाटलं गंज," पुरुषोत्तम म्हणाला.

शोभना पायरीवरच बसली. तिने पदर नसतानाही सवयीने खांद्याकडे हात नेला आणि मग स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. पुरुषोत्तम उठून तिच्याजवळ गेला. पायरीवर दोघांना जागा नव्हती, म्हणून तो खालच्या पायरीवर तिच्या पायाशी बसला आणि तिचा हात हातात घेतला. ती चिकटलेली दोन बोटं कुठली, असं त्याने विचारलं नाही, कारण ते त्याला माहीतच नव्हतं. मोरेश्वर पाठ फिरवून स्क्रू वाटीत नीट रचत राहिला.

तिचा हात न सोडता पुरुषोत्तमने विचारलं, "निघेल का रे ती?"

"निघेल. पण काढायची का, ते तुम्ही दोघं सांगा."

पुरुषोत्तमने बायकोकडे पाहिलं.

"काढा," शोभना म्हणाली. "अनयाला द्यायचीय ना, द्या. पण या घरात ती नको. आज बरे आहात, आनंद आहे. उद्याचं मला सांगता येत नाही आणि तुम्हालाही नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला. "मीच तुला हे सांगायला हवं होतं."

मोरेश्वरने ॲसिटोन एका काचेच्या बरणीत ओतलं, बोल्ट त्यात बुडवला आणि झाकण लावलं. दुपारी उशिरा त्याने तो बाहेर काढला, लाकडी काडीने मऊ झालेला थर खरवडला, पुन्हा बुडवला. संध्याकाळी सुंभ्याच्या एका हलक्या टिचकीने पिन सुटून टॉवेलवर पडली. बारीकशी, सुईपेक्षा थोडी जाड. तिघांनीही ती वाकून पाहिली. मग त्याने ती पुसून, तेलाचं बोट लावून परत जागेवर बसवली, स्प्रिंग घातली, खीळ ठोकली.

त्याच रात्री ऋषी येऊन रायफल घेऊन गेला. बाकीचं आईवडिलांनी त्याला दार लावून सांगितलं, मोरेश्वर तेव्हा घरी गेला होता. पुढच्या आठवड्यात कागदपत्रं ऋषीच्या नावावर झाली आणि रायफल क्लबच्या लॉकरमध्ये गेली. पुरुषोत्तमने सायकिॲट्रिस्टची बंद केलेली अपॉइंटमेंट पुन्हा चालू केली. या वेळी शोभना बरोबर जाते, आणि बाहेर न थांबता आत बसते.

मार्चमध्ये अनयाची पहिली मॅच झाली. पुरुषोत्तम आणि मोरेश्वर गेलेच, शोभनाही आली. कानाला मोठे मफ लावून ती काचेमागे उभी राहिली आणि प्रत्येक बाराला दचकली. अनया शेवटून चौथी आली.

"आजोबा, आय वॉज सो नर्व्हस," ती बाहेर येऊन म्हणाली.

"श्वास अर्धा सोडून थांबायचं," पुरुषोत्तम म्हणाला. "घाई करायची नाही."

तिथून ते सगळे जेवायला देशी हॉटेलांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला गेले. पार्किंग मिळता मिळत नव्हतं, आणि पुरुषोत्तम गाडी कुठे लावायची यावरून शोभनाशी मोठ्या आवाजात भांडत होता.