सुरक्षित अंतर

"बाबा, परत लांबून! गोळ्या काय टपालानं पाठवतोयस?"

हेडफोनमधून लेक ओरडली. ती नोकरीच्या गावी आणि ते तिच्या रिकाम्या खोलीत, तिच्याच जुन्या कॉम्प्युटरपुढे. पडद्यावर दोघांची लढाऊ विमानं. तिचं पुढे पळत होतं आणि यांच्या गोळ्या तिच्या शेपटीमागे आभाळात विरत होत्या.

"हात हलतो गं."

"जुनी जॉयस्टिक आहे, हलणारच. जवळ ये. माझे पंख काचेत मावेनासे झाले की मगच बोट दाब. आणि मी आहे तिथे नको, मी जाणार तिथे मार."

सांगायला काय जातंय! उभा जन्म बस चालवलेला माणूस. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं हाडीमांसी मुरलेलं. तिचं विमान जरा मोठं दिसलं की उजवा पाय टेबलाखाली ब्रेक शोधायचा, डावा हात वेग कमी करायचा आणि लेक निसटायची.

मध्यंतरी डेपोच्या डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले. बोटं थरथरली आणि बस हातची गेली. उद्या फेरतपासणी होती. नेम बसला म्हणजे हात बसला, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. लेकीला वाटत होतं, बाबांना नवा नाद लागलाय.

दारातून बायको म्हणाली, "अहो, सकाळपासून नुसती ऊठबस चाललीय. पोटच्या पोरीला पाडायचं कसलं हे वेड?"

"तीच म्हणतेय पाड म्हणून."

"जेवायला बोलावलं की तेवढं ऐकू येत नाही!"

ते पुन्हा पडद्याकडे वळले. दोन्ही पाय खुर्चीखाली अडकवून टाकले, म्हणजे ब्रेकची भानगडच नको. लेक डावीकडे वळली. ते वळणाच्या आतून शिरले. विमान मोठं झालं, आणखी मोठं. पाय खुर्चीखाली तडफडले. पंख काचेबाहेर गेले, तेव्हा त्यांनी तिच्या नाकापुढचं रिकामं आभाळ धरलं आणि बोट दाबलं. क्षणभरच.

पंख तुटून उडाला.

"लागलं! बाबा, पाडलंस मला!" लेक टाळ्या पिटत होती. "बघ, आता जमलं!"

"जमलं," ते हसले. मग त्यांनी जॉयस्टिकवरून हात उचलला आणि समोर धरला. बोटं थरथरत होती. डॉक्टरांपुढे थरथरली होती तशीच. जवळून मारलं म्हणून लागलं होतं, एवढंच.

"बाबा? आणखी एक डाव?"

"उद्या. तपासणीहून आलो की."

"कसली तपासणी?"

"सांगतो उद्या."

हेडफोन काढून ते बाहेर आले. बायको इस्त्री तापवत होती. खुर्चीच्या पाठीवर ड्रायव्हरचा गणवेश.

"सकाळी हाच घालणार ना? आधी हाच करते."

त्यांनी गणवेश उचलला, बाह्या जुळवल्या, घडी घातली. हातांमुळे ती जरा वाकडी बसली. उलगडून त्यांनी पुन्हा घातली.

"साधा शर्ट कर," ते म्हणाले. "निळा."