कानातला माग

"अहो, तो माग बंद करा आधी!"

सुट्टीच्या सकाळी ती ओरडली, आणि तोंडात टाचण्या धरून शिवायला बसलेला तिचा शिंपी नवरा बघतच राहिला. घरात माग नव्हता. त्याचं मशीनही थांबलेलं होतं.

"अगं, कुठला माग?"

तिने दोन्ही कान दाबून पाहिले. माग तिच्या कानात चालू होता. बारीक, कर्कश, अखंड.

तिची हयात कापडाच्या कारखान्यात गेली होती. तिथे स्वतःची शिंक स्वतःला ऐकू येत नसे, म्हणून विणणाऱ्या बायका नुसत्या ओठांनी बोलत, लांबून, आवाज न काढता. मुकादमाच्या नाकावर टिच्चून त्याचीच टवाळी चाले. कानाला झाकणं मागितली तेव्हा मालक म्हणाला, कापूस घाला. त्याच्या केबिनला मात्र दुहेरी काच. त्याचे कान म्हणजे कान, आणि यांचे काय रस्त्यावर पडले होते?

आवाजाचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नसलेले आवाज ऐकणारी बाई वेडी ठरते, आणि वेडीला मागावर कोण ठेवतो? पण आता नवऱ्याला कळलं होतं. त्याने तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

तिथे काचेच्या बंद खोलीत बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. तिचं बोट बराच वेळ नुसतंच बटणावर राहिलं. मग काचेपलीकडे डॉक्टरीणबाई नवऱ्याशी बोलू लागल्या. सवयीने तिची नजर त्यांच्या ओठांवर गेली.

'डोकं ठणठणीत आहे. कान खराब झालेत. सांगताना जरा जपून...'

तिने धाडकन दार उघडलं. "जपून कशाला? मी वेडी नाही ना? मोठ्यानं सांगा की!"

"हिला ऐकू कसं आलं?" नवरा दचकला.

"ऐकू कुठलं येतंय! दिसलं मला!"

डॉक्टरीणबाईंचं हसू थांबेना. मग त्यांनी नीट सांगितलं. कानात आत केसांसारखे बारीक तंतू असतात. गोंगाटाने ते मरतात, पुन्हा उगवत नाहीत. काही सूर मेंदूपर्यंत पोचेनासे होतात. मेंदू त्यांची वाट बघतो, कान टवकारतो, आणि शेवटी स्वतःच आवाज करत बसतो.

"जाईल का?"

"बहुतेक नाही. पण उरलेलं जपता येईल. कानावर झाकण घालूनच कामाला जायचं."

"राहू दे मेला. वेड नाही ना, बास!" वाटेत ती नवऱ्याला कोपराने ढोसत हसत होती.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून आणलेली झाकणं कानांवर चढवली आणि मागांच्या खडखडाटात ओठांनीच सगळ्यांना सांगितलं, 'माझ्या कानात माग वाजतो. पण मी वेडी नाही. या गोंगाटानं होतं.'

समोरच्या बुटकीचा हात हळूच कानाकडे गेला. 'माझ्यापण.' मग तिच्या पलीकडचीचा. मग भिंतीकडच्या दोघींचा. सगळ्या जणी, इतकी वर्षं, एकएकट्या घाबरत होत्या.

बुटकीने आपला माग बंद केला. मग एकेक करत सगळे थांबले.

'माझा शिट्टीसारखा.'

'माझ्यात रातकिडा बसलाय मेला.'

'माझा तर सासूसारखा, थांबतच नाही!'

मुकादम धावत आला आणि दारातच थबकला. शेड शांत होती. बायका पोट धरधरून हसत होत्या, एकमेकींना ढोसत बोलत होत्या, आणि कुणाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता.