टेकू

दारावरच्या पाटीवर ‘स्ट्रेस टेस्ट’ असं लिहिलं होतं आणि ललिताबाई आल्यापासून तेवढंच वाचत होत्या. मध्येच उठून पाणी पिऊन आल्या, पर्समधल्या किल्ल्या चाचपल्या, मग घराला कुलूप नीट लावलंय ना, हे नवऱ्याला पुन्हा विचारलं.

“लावलंय,” दत्तप्रसाद म्हणाले. “माझ्याऐवजी तुझीच टेस्ट करायला सांगू का?”

‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांच्या घरात फार वर्षं राहायला होता आणि प्रत्येकाशी निराळा वागत होता. ललिताबाईंनी कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. त्यांच्या लेखी स्ट्रेस म्हणजे शब्दाच्या कुठल्या भागावर जोर द्यायचा ते, आणि ‘होटेल’ म्हणताना तो कुठे द्यायचा हे पोरांना पटवता पटवता त्यांचा घसा बसला होता. धाकटे दीर बँकेत, त्यांच्याकडे बुडायला टेकलेली कर्जं स्ट्रेस्ड. खराडीत नोकरी करणारा पुष्कर दर फोनला “आई, जाम स्ट्रेस आहे गं” म्हणायचा आणि म्हणजे नेमकं काय झालंय, ते कधीच सांगायचा नाही. दत्तप्रसाद सिव्हिल इंजिनियर. त्यांचा स्ट्रेस आकड्यात यायचा. “तुमची ती नुसती कुरकुर,” असं ते भर जेवणात सगळ्यांना ऐकवायचे. “बल भागिले क्षेत्रफळ. विषय संपला.”

विषय कसला संपतोय! गेल्या महिन्यात पर्वती चढताना ते अर्ध्यातच थांबले, बुटात खडा गेलाय म्हणाले आणि बूट काढून बराच वेळ झटकत बसले. खडा काही पडला नाही. ललिताबाईंनी ते पाहिलं, पण विचारलं नाही, आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती. डॉक्टरांकडे नेलं तेही वार्षिक तपासणीच्या नावाखाली. रिपोर्ट चांगला आला की सोमवारपासून साइटवर, हे दत्तप्रसादांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. साइट कात्रजला, इमारत बारा मजली, लिफ्ट अजून बसायची होती. हा माणूस कुठल्यातरी जिन्यात कोसळेल आणि आपल्याला परक्या माणसाचा फोन येईल, या एकाच भीतीने बाईंना घेरलं होतं.

नवऱ्याचा शर्ट, घड्याळ आणि चष्मा सांभाळायला त्यांना आत बसू दिलं. डॉक्टर सुरुची वयाने पुष्करएवढी असेल. दत्तप्रसादांच्या छातीवर वायरी चिकटवून ती म्हणाली, “काका, दुखलं, जड वाटलं, तर लगेच सांगायचं. दांडीवर फक्त बोटं टेकवा, भार टाकू नका.” आणि ती स्क्रीनकडे वळली.

ट्रेडमिलचा पट्टा सुरू झाला. दत्तप्रसाद ऐटीत चालू लागले. मग चढ वाढला, वेग वाढला.

“काही होतंय का, काका?”

“छे! अजिबात नाही.”

“मस्त,” डॉक्टर म्हणाली. तिची नजर स्क्रीनवरच होती.

ललिताबाईंची मात्र नवऱ्याच्या हातांवर होती. दांडीवर आता नुसती बोटं नव्हती. दोन्ही पंजे आवळलेले, कोपरं ताठ, आणि अर्धं अंग त्या दांडीवर रेललेलं.

एका स्लॅबच्या चाचणीची गोष्ट दत्तप्रसाद प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत सांगत आले होते. स्लॅबवर वाळूच्या गोण्या रचायच्या, एक दिवस तशाच ठेवायच्या आणि स्लॅब किती वाकतो ते मोजायचं. तिथे तर तो वाकायलाच तयार नाही. बिल्डर खूश, पेढेसुद्धा मागवले. दत्तप्रसाद खालच्या मजल्यावर गेले, तर सिमेंटच्या पोत्यांआड एक टेकू गपचूप उभा. “टेकू ठेवून भार घेतला, तर स्लॅब पास होत नाही हो,” असं म्हणून ते टाळी मागायचे, “टेकू पास होतो!”

ललिताबाई उठल्या. मांडीवरचं घड्याळ खाली पडलं.

“अहो, टेकू काढा.”

डॉक्टरने चमकून मान वळवली. दत्तप्रसादांनी वळवली नाही. “ललिता, खाली बस.”

“नाही बसणार. टेकू काढा म्हणते ना!” वर्गात मागच्या बाकांसाठी राखून ठेवलेला आवाज त्यांनी कित्येक वर्षांनी काढला होता.

डॉक्टरला टेकूचं काही कळलं नाही, पण हात तिला दिसले. “काका, सोडा बरं दांडी.”

त्यांनी आधी एक हात सोडला, मग दुसरा. चार पावलं टाकली असतील नसतील, चेहऱ्यावरचा रंग उतरला. दाढ ठणकली तरी घरात पत्ता लागू न देणारा तो माणूस, पट्ट्यावर धडपडत कसाबसा म्हणाला, “दुखतंय.”

डॉक्टरने पट्टा थांबवला, त्यांना पलंगावर आडवं केलं, नर्सला आणि मोठ्या डॉक्टरांना हाका मारल्या. धावपळ झाली. जिभेखाली गोळी गेली. “काका, कधीपासून होतंय असं?” ती विचारत होती.

दत्तप्रसाद चष्म्याविना इकडे तिकडे बघत होते. ललिताबाईंनी पुढे होऊन तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला. बायको समोर दिसल्यावर त्यांनी डॉक्टरला नाही, तिलाच उत्तर दिलं.

“खडा नव्हता गं.”

“माहितीये,” ललिताबाई म्हणाल्या. “झटकत होतात, तेव्हाच कळलं होतं मला.”